सोयीचा संताप

वर्ल्ड सिरीजच्या निर्णायक सामन्यात पिचरने पंचाच्या अंगावर धावून जावे, ही बेसबॉलमध्ये अक्षम्य मानली जाणारी गोष्ट आहे. 27 ऑक्टोबर 1985 च्या रात्री कॅन्सस सिटीच्या रॉयल्स स्टेडियममध्ये सेंट लुईस कार्डिनल्सच्या वाकिन आंदुहारने ती केली. सातवा आणि शेवटचा सामना, पाचवी इनिंग, आणि कार्डिनल्सची अवस्था दारुण. फलकावर त्यांच्या नावापुढे शून्य, तर यजमान रॉयल्सच्या धावा दोन आकड्यांच्या घरात पोचत होत्या. होम प्लेटच्या मागे उभे असलेले पंच डॉन डेंकिंगर यांनी आंदुहारचा एक चेंडू ‘बॉल’ ठरवला, म्हणजे तो ‘स्ट्राइक’च्या पट्ट्यात नव्हता असा निर्णय दिला. आंदुहार हातवारे करत पिचरच्या उंचवट्यावरून खाली उतरला. मॅनेजर व्हायटी हर्झॉग धावत आले, पंचांशी कडाकडा भांडले आणि पंचांनी त्यांनाच मैदानाबाहेर घालवले. त्यानंतरचा चेंडूही ‘बॉल’ ठरला. आता मात्र आंदुहारचा तोल पुरता गेला. तो थेट डेंकिंगर यांच्यावर चाल करून गेला, आणि सहकाऱ्यांनी त्याला कवेत धरून, अक्षरशः ओढत बाहेर नेले. आत गेल्यावर त्याने बॅट घेऊन संडासाचे भांडे फोडले. रॉयल्सने सामना 11-0 असा जिंकला आणि विजेतेपदही.

गेली चाळीस वर्षे ही एका तापट पिचरची गोष्ट म्हणून सांगितली जाते. मला ती गोष्ट अपुरी वाटते. आंदुहारचे वागणे चुकले, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. निर्णय देणाऱ्या माणसाला मैदानावर शारीरिक भीती वाटू लागली तर खेळच उरत नाही. पण त्या एका माणसाच्या भडकण्याने किती जणांची सोय झाली, हे कोणी मोजत नाही. संघाची झाली, शहराची झाली, आणि सर्वांत जास्त झाली ती खेळ चालवणाऱ्यांची.

त्यासाठी आदल्या रात्रीकडे वळले पाहिजे. सेंट लुईस आणि कॅन्सस सिटी ही एकाच मिझुरी राज्याची दोन टोके, एकाच महामार्गाने जोडलेली. कार्डिनल्स मालिकेत 3-1 असे पुढे होते, मग 3-2 झाले, आणि सहाव्या सामन्याच्या नवव्या इनिंगच्या उत्तरार्धात ते 1-0 ने पुढे होते. तीन गडी बाद केले की विजेतेपद त्यांचे. रॉयल्सचा पहिला फलंदाज होर्हे ओर्टा. त्याने पहिल्या बेसच्या बाजूला सरपटता चेंडू मारला. जॅक क्लार्कने तो अडवला आणि बेसकडे धावत आलेल्या पिचर टॉड वॉरेलकडे सोपवला. वॉरेलचा पाय बेसवर पडला, चेंडू हातमोज्यात आला, ओर्टा अजून मागेच होता. पहिल्या बेसवरच्या पंचाने दोन्ही हात फाकवून ‘सेफ’ दिले. ते पंच म्हणजे डेंकिंगर. टीव्हीवर लगेच पुनर्दृश्य दाखवले गेले आणि घराघरांत बसलेल्या लोकांना चूक उघड दिसली. ती सुधारण्याचा अधिकार मात्र मैदानावर कोणालाही नव्हता.

ही चूक झाली कशी, हे समजून घेण्याजोगे आहे, कारण त्यात हेतू शोधणाऱ्यांनी त्या माणसावर फार अन्याय केला. पहिल्या बेसवरचा पंच डोळ्यांनी धावणाऱ्याचा पाय पाहतो आणि चेंडू हातमोज्यात आल्याचा आवाज कानांनी टिपतो. पाय आधी पडला की आवाज आधी आला, यावर निर्णय. वॉरेल चांगला साडेसहा फुटांच्या आसपासचा उंचापुरा गडी. डेंकिंगर फार जवळ उभे होते, त्यामुळे वर हातमोज्याकडे पाहायचे तर खाली पायाकडे पाहता येईना. आणि स्टेडियमात एवढा कल्लोळ होता की चेंडूचा आवाज त्यांच्यापर्यंत पोचलाच नाही. घरच्या संघाच्या शेवटच्या आशेच्या क्षणी हजारो माणसे बेंबीच्या देठापासून ओरडत असताना कानावर विसंबणारी पद्धत कोलमडली. त्या रात्री मैदान सोडल्यावर डेंकिंगर यांनी बेसबॉलचे कमिशनर पीटर युबेरॉथ यांनाच विचारले की माझा निर्णय बरोबर होता का. उत्तर ‘नाही’ असे आले.

म्हणजे खेळाच्या सर्वोच्च अधिकाऱ्याला त्या रात्रीच चूक ठाऊक होती. पंचालाही ठाऊक झाली होती. कार्डिनल्सच्या एकेका खेळाडूला ती ठाऊक होती. आणि चोवीस तासांच्या आत, मालिकेतल्या सर्वांत मोठ्या सामन्यात, चेंडूगणिक निर्णय द्यायला होम प्लेटमागे उभे राहिले तेच डेंकिंगर. सहा पंचांची पाळी ठरलेली असते. आज पहिल्या बेसवर जो, तो उद्या होम प्लेटमागे. पाळी होती म्हणून ते तिथे होते. ती बदलावी असे कोणाला वाटले नाही, किंवा वाटले तरी कोणी बदलली नाही.

पाळी न बदलण्याचा हा निर्णय आंदुहारवर जितका अन्याय करणारा होता, तितकाच डेंकिंगर यांच्यावरही. होम प्लेटमागचा पंच एका सामन्यात शेकडो चेंडूंचा न्याय करतो. मनावर ओझे घेऊन, समोरच्या संघाच्या डोळ्यांतला अविश्वास झेलत हे काम करायला त्याला पाठवायचे, आणि वर दोन्ही बाजूंनी डोके शांत ठेवावे अशी अपेक्षा करायची. कमिशनरच्या कचेरीने एका माणसाची पाळी बदलली असती तर खेळाचा अपमान झाला नसता. उलट, चूक झाली हे आम्ही मान्य करतो आणि दोघांचीही अडचण ओळखतो, एवढे तरी त्यातून कळले असते.

आता दुसरी बाजू. ओर्टाला चुकीने जीवदान मिळाले हे खरे, पण ओर्टाची धाव झालीच नाही. तो पुढे तिसऱ्या बेसवर बाद झाला. त्याच्यामागून आलेल्या स्टीव्ह बाल्बोनीचा एक उंच उडालेला फाऊल चेंडू झेलायला क्लार्क गेला, पण त्याला अंदाज आला नाही आणि झेल हुकला. जीव वाचलेल्या बाल्बोनीने मग चांगला फटका मारला. पुढे कॅचर डॅरेल पोर्टरच्या हातून एक चेंडू निसटला आणि बेसवरचे रॉयल्स एकेक पाऊल पुढे सरकले. त्यानंतर डेन आयॉर्गने उजवीकडे मारलेल्या चेंडूवर दोन धावा आल्या आणि सामना 2-1 असा फिरला. एक चूक पंचाची, दोन कार्डिनल्सच्या, आणि फटका आयॉर्गचा. सगळ्या मालिकेचा हिशेब मांडला तर तो आणखी बोलका आहे. 101 सामने जिंकून आलेल्या या संघाने सात सामन्यांत मिळून केवळ 13 धावा केल्या. फलंदाजीची सरासरी .185. सातव्या सामन्यात तर रॉयल्सच्या 21 वर्षांच्या ब्रेट सेबरहेगनने त्यांना एकही धाव करू दिली नाही. आदल्याच दिवशी तो बाप झाला होता. त्या पोराने पंचाची मदत घेऊन हे साधले असे कोणीही म्हणू शकणार नाही.

सातव्या सामन्याचा पाया पाचव्या इनिंगच्या कितीतरी आधी ढासळला होता. कार्डिनल्सचा जॉन ट्युडर हा त्या हंगामातला 21 सामने जिंकलेला, थंड डोक्याने कोपरे गाठणारा डावखुरा पिचर. याच मालिकेत त्याने दोन सामने जिंकून दिले होते. त्या रात्री त्याचा चेंडू जागेवर पडेना. दुसऱ्या इनिंगमध्ये डॅरिल मॉटलीने त्याला दोन धावांचा होमरन ठोकला, आणि तिसरी इनिंग संपण्याच्या आत त्याला बदलावे लागले. आत गेल्यावर ट्युडरने फिरत्या विजेच्या पंख्यावर मूठ मारली. ज्या हाताने तो चेंडू टाकत असे तोच हात कापला गेला. एकाच संघाचे दोन पिचर एकाच रात्री आपल्यावरचा ताबा गमावून बसले. एक बंद दाराआड, दुसरा साऱ्या अमेरिकेसमोर.

पिचरच बहुधा का भडकतात, याचेही कारण खेळाच्या मांडणीत आहे. क्रिकेटचा गोलंदाज सहा चेंडू टाकून सीमारेषेवर जातो. दुसऱ्या टोकाकडून दुसरा कोणी टाकत असतो, तेवढ्यात श्वास घेता येतो, पाणी पिता येते, राग गिळता येतो. बेसबॉलच्या पिचरला ती मुभा नाही. मैदानाच्या मधोमध दहा इंचांच्या उंचवट्यावर तो एकटा उभा. साठ फूट सहा इंचांवर फलंदाज, त्याच्या पायाशी कॅचर आणि कॅचरच्या पाठीशी वाकलेला पंच. खेळाची प्रत्येक हालचाल पिचरच्या हातातून सुरू होते, आणि प्रत्येक चेंडूवर त्याच्याबद्दल निवाडा होतो. चेंडू पट्ट्यात होता की बाहेर, हे ठरवणारी रेघ हवेत असते. ती फक्त पंचाला दिसते असे मानायचे आणि पुढचा चेंडू टाकायचा. मनात अविश्वास शिरला की प्रत्येक ‘बॉल’ हा अपमान वाटू लागतो. चिडलेला पिचर चेंडू घट्ट आवळतो, खांद्याने जोर लावतो, घाई करतो. मग चेंडू खरोखरच भरकटतो, आणि पंचाचा निर्णय बरोबर असला तरी त्याला तो पटत नाही.

आंदुहार त्या रात्री उंचवट्यावर आला तो असा. मधेच सामन्यात येणे हे त्याचे काम नव्हते. तो पहिल्या चेंडूपासून सामना खेळणारा पिचर. 1984 मध्ये त्याने 20 सामने जिंकले, 1985 मध्ये 21. पण या 21 पैकी 20 ऑगस्ट संपण्याआधीच झाले होते. नंतर त्याचा हात उतरला. याच मालिकेतला तिसरा सामना तो सेबरहेगनविरुद्ध हरला होता. आणि आता बुडत्या सामन्यात, त्या इनिंगमध्ये आधीचे तिघे पिचर मार खाऊन परतल्यावर हर्झॉगनी त्याला बोलावले. दोन महिने आपल्या हातावर राग काढता न आलेला माणूस, समोर तो पंच. ठिणगी पडायला आणखी काय हवे होते?

हर्झॉग त्या काळातले फार हुशार मॅनेजर. वेग आणि क्षेत्ररक्षण यांच्या बळावर त्यांनी कार्डिनल्स घडवले. पण त्या रात्री त्यांनी आपले मुख्य काम केले नाही. मॅनेजरने खेळाडू आणि पंच यांच्या मध्ये उभे राहायचे, ते खेळाडूला वाचवण्यासाठी. हर्झॉग मध्ये उभे राहिले ते आपला राग मोकळा करण्यासाठी, आणि बाहेर जाताना आंदुहारला त्याच उंचवट्यावर, त्याच पंचासमोर सोडून गेले. त्याला तिथल्या तिथे बदलले असते तर फलकावर काहीच फरक पडला नसता, पण एका माणसाची अब्रू राहिली असती.

इथे मेलबर्नची आठवण होणे अपरिहार्य आहे. फेब्रुवारी 1981. डेनिस लिलीच्या चेंडूवर पंच रेक्स व्हाइटहेड यांनी सुनील गावसकरला 70 धावांवर पायचीत दिले. चेंडूला बॅट लागली होती अशी गावसकरची खात्री, त्यात लिलीचे शब्द. गावसकर चेतन चौहानला बरोबर घेऊन मैदानाबाहेर चालू लागला. संघच बाहेर पडला असता तर कसोटी तिथेच गमवावी लागली असती. सीमारेषेपाशी संघाचे व्यवस्थापक विंग कमांडर दुराणी उभे होते. त्यांनी चौहानला परत पाठवले. पुढे 143 धावांचा पाठलाग करणारा ऑस्ट्रेलियाचा संघ 83 धावांत संपला, दुखऱ्या पायाने कपिलदेवने पाच बळी घेतले, आणि भारताने ती कसोटी 59 धावांनी जिंकून मालिका बरोबरीत सोडवली. गावसकरने पुढे त्या कृत्याबद्दल खेद व्यक्त केला. त्या दिवशी सीमारेषेवर एक माणूस भानावर होता, म्हणून गावसकरचा राग हा आज क्रिकेटच्या इतिहासातला एक परिच्छेद आहे. तो माणूस नसता तर गावसकरच्या नावाला तो राग कायमचा चिकटला असता.

आंदुहारच्या नशिबी असे कोणी नव्हते. त्याच्यावर सामनेबंदी आली. डिसेंबरात, मालिका संपून दोन महिने होण्याच्या आत, कार्डिनल्सने दोन खेळाडूंच्या बदल्यात त्याला ओकलंडला देऊन टाकले. दोन हंगामांत 41 सामने जिंकून देणारा पिचर! हाच आंदुहार 1982 च्या वर्ल्ड सिरीजमध्ये मिलवॉकीविरुद्ध दोन सामने जिंकून कार्डिनल्सच्या विजेतेपदाचा आधार झाला होता. तिसऱ्या सामन्यात गुडघ्यावर सणसणीत चेंडू बसून त्याला उचलून न्यावे लागले, आणि तरी सातव्या सामन्यात तो उभा राहिला. त्याही सातव्या सामन्यात तो भडकला होता. मिलवॉकीच्या जिम गँटनरशी त्याची बाचाबाची झाली, अंगावर जाण्यापर्यंत पाळी आली, लोकांना मध्ये पडावे लागले. पण तो सामना कार्डिनल्सने 6-3 असा जिंकला आणि विजयाच्या गुलालात ते भडकणे विरून गेले. स्वभाव तोच, संघ तोच, सामनाही सातवाच. 1982 मध्ये ज्याला जिगर म्हटले, त्याला 1985 मध्ये बेशिस्त म्हटले.

हा भेद केवळ आंदुहारच्या बाबतीत झाला असे नाही. ऑक्टोबर 1990 मध्ये बॉस्टनचा रॉजर क्लेमेन्स ओकलंडविरुद्ध लीगच्या अंतिम फेरीचा चौथा सामना खेळत होता. हरले तर घरी, अशी बॉस्टनची स्थिती. दुसऱ्याच इनिंगमध्ये पंच टेरी कूनी यांच्याशी शब्दाला शब्द वाढून क्लेमेन्सला बाहेर काढण्यात आले, आणि बॉस्टन मालिका 4-0 अशी हरले. त्याला दहा हजार डॉलर दंड आणि पाच सामन्यांची बंदी झाली. पण त्या सामन्यानंतर काही महिन्यांतच बॉस्टनने त्याच्याशी चार वर्षांचा 2 कोटी 15 लाख डॉलरचा करार केला, वार्षिक सरासरीने बेसबॉलमधला तोवरचा सर्वांत महागडा. दहा वर्षांनी, 2000 च्या वर्ल्ड सिरीजमध्ये, यांकीजकडून खेळताना त्याने मेट्सच्या माइक पियाझाच्या तुटलेल्या बॅटचा तुकडा उचलून त्याच्याच दिशेने भिरकावला. त्याच पियाझाच्या डोक्यावर जुलैमध्ये क्लेमेन्सचा चेंडू आदळला होता. मला तो चेंडू वाटला, असा खुलासा क्लेमेन्सने केला. त्याला बाहेर काढले गेले नाही. तो आठ इनिंग खेळला, एकही धाव दिली नाही, यांकीज जिंकले. नंतर पन्नास हजार डॉलर दंड झाला. दोन्ही प्रसंगी क्लेमेन्स ऐन भरात होता, आंदुहारचा हात उतरत चालला होता. मालकांना ज्याची गरज असते त्याचा संताप त्यांना सोसवतो, आणि ज्याची गरज संपत आली त्याचा संताप हे त्याला घालवण्याचे निमित्त होते. शिस्तीच्या नावाने घेतलेल्या निर्णयांत हा हिशेब दडलेला असतो आणि तो बोलून दाखवला जात नाही.

सेंट लुईसची सोय वेगळ्या प्रकारची झाली. .185 ची सरासरी, निसटलेला चेंडू, हुकलेला झेल हे सगळे सांगत बसण्यापेक्षा ‘डेंकिंगरने आमचे विजेतेपद घेतले’ हे एक वाक्य पुरेसे होते. आंदुहारच्या त्या धावून जाण्याने त्या वाक्याला एक चित्र दिले. भरल्या मैदानावर आपला माणूस त्या पंचावर चालून गेला, म्हणजे दोषी तोच! पराभवाचे खापर फोडायला डोके सापडले. मग पुढची पायरी आलीच. सेंट लुईसमधल्या रेडिओवरच्या दोन निवेदकांनी डेंकिंगर यांच्या घरचा पत्ता आणि फोन नंबर जाहीर केला. आयोवातल्या त्यांच्या घरी शिव्यांची आणि जिवे मारण्याच्या धमक्यांची पत्रे येऊ लागली. एकात तर कोणत्या पिस्तुलाने मारणार हेही लिहिले होते. प्रकरण एफबीआयपर्यंत गेले. आंदुहारचा राग पाचव्या इनिंगमध्ये सुरू झाला आणि बहुधा त्या फुटलेल्या भांड्यापाशी संपला. त्याच्यामागे उभ्या असलेल्या जमावाचा राग वर्षानुवर्षे टपालाने येत राहिला. त्या जमावापैकी कोणावरही सामनेबंदी आली नाही.

डेंकिंगर यांनी आपली चूक कधी नाकारली नाही. 1998 पर्यंत ते पंच म्हणून काम करत राहिले, नंतरही या निर्णयाबद्दल विचारणाऱ्यांना उत्तरे देत राहिले, आणि निर्णय टीव्हीवर तपासण्याची पद्धत आली पाहिजे असे उघडपणे म्हणाले. ज्याला सर्वांत जास्त बोल लागला, त्याने सुधारणेची बाजू घ्यावी, आणि ज्यांच्या हातात सुधारणा करणे होते त्यांनी हातावर हात ठेवून बसावे, हे मला या प्रकरणातले सर्वांत लाजिरवाणे वाटते.

क्रिकेटने 1992 मध्ये धावबादचा निर्णय टीव्हीवर पाहायला सुरुवात केली. त्या पद्धतीने बाद दिला गेलेला पहिला फलंदाज म्हणजे आपला सचिन तेंडुलकर, डरबनच्या कसोटीत. पहिल्या बेसवरचा ओर्टाचा प्रसंग तत्त्वतः याच जातीचा होता. चेंडू आधी की माणूस आधी, एवढाच प्रश्न. अमेरिकेच्या मोठ्या लीगने टीव्हीची मदत घेतली ती 2008 मध्ये, तीही केवळ होमरनपुरती. बेसवरचे निर्णय तपासण्याची सोय 2014 मध्ये आली. म्हणजे 1985 पासून 29 वर्षे. आंदुहारला शिक्षा व्हायला महिनेही लागले नाहीत, आणि चुकीवर उपाय यायला एका पिढीचा काळ लागला. पंचावर धावून जाणारा पिचर हा प्रश्न आहे असे ठरवले की पंचाला एकटे पाडणारी व्यवस्था हा प्रश्न उरत नाही. ही ती सोय.

रागामुळे सुधारणा अडली, पिचर शांत राहिला असता तर लोकांनी त्याचे म्हणणे ऐकले असते, असे कोणी म्हणेल. त्याचेही उत्तर इतिहासाने दिले आहे. 2 जून 2010, डेट्रॉइट. अर्मांडो गालारागा या व्हेनेझुएलाच्या पिचरने क्लीव्हलंडचे सलग 26 फलंदाज बाद केले होते. सत्ताविसावा बाद झाला की ‘परफेक्ट गेम’, शतकाहून जुन्या या खेळात जेमतेम वीस जणांना साधलेला पराक्रम. सत्ताविसावा फलंदाज पहिल्या बेसवर एक पूर्ण पाऊल मागे असताना पंच जिम जॉइस यांनी त्याला ‘सेफ’ दिले. गालारागाने पंचांकडे पाहिले, हसला, आणि उंचवट्यावर जाऊन पुढच्या फलंदाजाला बाद केले. जॉइस यांनी पुनर्दृश्य पाहिले आणि त्या तरुणाचा पराक्रम आपण हिरावून घेतला असे रडत सांगितले. दुसऱ्या दिवशी पाळीप्रमाणे जॉइस होम प्लेटमागे होते. मात्र या वेळी लीगने त्यांना सुट्टी घेण्याची मुभा देऊ केली होती आणि त्यांनीच ती नाकारली. संघाची यादी पंचांच्या हाती द्यायला डेट्रॉइटने पाठवले ते गालारागालाच. जॉइस यांचे डोळे वाहत होते. त्यांनी यादी घेतली आणि गालारागाच्या खांद्यावर हात थोपटला.

त्या दोघांच्या मोठेपणाबद्दल अमेरिकेने रकानेच्या रकाने लिहिले आणि ते योग्यच होते. गालारागाला एक मोटारही भेट मिळाली. पण निर्णय बदलला का? नाही. कमिशनर बड सेलिग यांनी तो तसाच ठेवला. अधिकृत नोंदीत आजही तो ‘परफेक्ट गेम’ नाही. आंदुहार भडकला तर त्याच्या भडकण्याची चर्चा झाली, गालारागा हसला तर त्याच्या हसण्याची. चूक दोन्ही वेळा जिथल्या तिथे राहिली. खेळाडूच्या स्वभावावर लेख लिहिणे सोपे असते, नियमावली बदलणे अवघड. आपल्याकडेही पंचाशी वाद घातलेल्या खेळाडूचे मानधन कापल्याची बातमी पहिल्या पानावर येते आणि त्या वादाच्या मुळाशी असलेल्या निर्णयाचे पुढे काय झाले, हे कोणत्याच पानावर येत नाही.

2026 च्या हंगामापासून अमेरिकेच्या मोठ्या लीगने आणखी एक पाऊल टाकले आहे. ‘बॉल’ की ‘स्ट्राइक’ या निर्णयालाही आता आव्हान देता येते. ते आव्हान मॅनेजरने द्यायचे नाही. फलंदाज, कॅचर किंवा खुद्द पिचर यांनी तिथल्या तिथे टोपीवर किंवा हेल्मेटवर हात टेकवून खूण करायची, आणि यंत्राने टिपलेला चेंडूचा मार्ग सगळ्यांना फलकावर दिसतो. संघाला दोन आव्हाने, बरोबर ठरले तर ते शिल्लक राहते. आंदुहारचे ते दोन चेंडू पट्ट्यात होते असा माझा दावा नाही. पण पट्ट्यात होते की नव्हते हे कोणाला तरी विचारण्याचा हक्क त्याला असायला हवा होता. तो उंचवट्यावरून खाली उतरला तेव्हा त्याला विचारायला दुसरी जागाच नव्हती.

तेरा हंगामांत 127 सामने जिंकलेला हा पिचर 2015 मध्ये, वयाच्या बासष्टाव्या वर्षी, डोमिनिकन प्रजासत्ताकातल्या सान पेद्रो दे माकोरिस या आपल्या गावी मधुमेहाने गेला. डेंकिंगर 2023 मध्ये गेले. दोघांच्याही नावाशी एकच शनिवार-रविवार जोडला गेला. जे लोक तेव्हा कचेरीत बसून पाळी बदलू शकले असते, टीव्हीकडे बोट दाखवून नियम बदलू शकले असते, त्यांची नावे या प्रकरणात कोणी घेत नाही. ती घेतली जावीत.